मनमाडवाल्या मावशीची ट्रिप

गाडी चालू होती, सगळे आत कोंबून बसलेले होते, माझे मिस्टर हॉर्नवर हॉर्न मारत होते, आन् माझी पोरगी गाडीत नव्हती.

मी पहिले मागच्या सीटवर बघितलं. मग मधल्या सीटवर. मग येड्यासारखं सीटखाली वाकून बघितलं, जशी काय माझी चिऊ म्हणजे कांद्याची गोणीच हाय. नाय. अजून तिला चालता येत नाय, नुसती रांगती, ती जाणार कुठं? मग एकदम ध्यानात आलं. घराला कुलूप लावताना मनमाडवाल्या मावशी म्हणल्या होत्या, "सुरगाणे, तू पिशव्या घे, पोरीला मी धरते." मी पिशव्या घेतल्या. पिशव्या सगळ्या गाडीत हायेत. मावशी नाय.

"अहो, मावशी नाय! चिऊ नाय!" मी एवढ्या जोरात ओरडले का समोरच्या गिरणीवाल्यानं पिठाची गिरणी बंद केली.

सासूबाई खिडकीतून डोकं काढून म्हणाल्या, "पळवली! म्हातारीनं पोरगी पळवली! मी पहिल्यापासून सांगते, जिला पुढंमागं कोणी नाय तिच्या हातात लेकरू देऊ नये!"

मिस्टर एकीकडं पळाले, शेजारचे पवारकाका दुसरीकडं, मी जिन्याकडं. मावशींच्या खोलीला बाहेरून कुलूप. आमच्या खोलीला कुलूप. मग वर टेरेस, आन् टेरेसवर पाण्याची टाकी, आन् त्या टाकीचं झाकण वाऱ्यानं नेहमी उडालेलं. हे डोक्यात आलं आन् मला पायऱ्या दिसंनाशा झाल्या. रडत रडत चढत होते, आन् चढताना पण आतून वाटत होतं का मावशी असं करणार नाय.

मावशी कोण ते तुम्हाला आधी सांगते, नायतर तुम्ही बी सासूबाईंचीच बाजू घ्याल.

मावशी आमच्या बिल्डिंगीत खाली, जिन्याच्या शेजारच्या खोलीत राहतात. नाशकात आम्ही सिडकोत राहतो. मावशी मूळ मनमाडच्या. त्यांचे मिस्टर रेल्वेत होते, ते वारले, मूलबाळ काही नाय, तेव्हा भाच्यानं इथं खोली बघून दिली आन् तो पुण्याला गेला तो गेलाच. मनमाडला पाण्याचे लय हाल बघितलेत मावशींनी. त्या सांगतात, त्यांच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना गल्लीत नळ आल्याची आरोळी झाली, तर निम्मा मांडव उठून हंडे भरायला गेला. "नवरदेव बी उठत होता, मी अंतरपाटाच्या खालून धोतर धरून ठेवलं त्याचं," असं म्हणतात. खरं का खोटं देव जाणे.

तर अशा बाईला कोणीतरी मोबाईलवर धबधबा दाखवला. मी तेव्हा नवीन नवरी होते, मी तिथंच होते. मावशींनी मोबाईल डोळ्याला लावला, बघितलं, परत बघितलं आन् म्हणल्या, "हे कोण बंद करत नाय का?"

"धबधबा हाय मावशी. माझ्या माहेरी, सुरगाण्याकडं, पावसाळ्यात सगळीकडं असंच पडतं."

"आन् खाली कोणी हंडा बी लावत नाय?"

त्या दिवसापासून मावशींच्या अंगात ट्रिप शिरली. आन् मला नाव पडलं सुरगाणे.

दर वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली का संध्याकाळी दिवाबत्तीनंतर मावशींच्या खोलीत मिटिंग. सगळी बिल्डिंग येणार. चहा मावशींचा. सुरगाण्याच्या डोंगरात जायचं, धबधबा बघायचा, नद्या बघायच्या, संध्याकाळी परत. एवढंच. एवढ्याची एवढी तयारी मी माझ्या लग्नात बी बघितली नाय.

मावशी फरशीवर खडूनं जीप काढायच्या. खरीच मोठी, तीन सीटांची. त्यात सगळ्यांनी आपापल्या जागेवर मांडी घालून बसायचं. मावशी पुढं, हातात स्टीलची परात, ते स्टेरिंग. आन् मग गाडी निघायची.

"दिंडोरी गेली! वणी आली, हात जोडा!" आम्ही हात जोडायचो. "बोरगावचा घाट लागला! डावीकडं!" सगळे डावीकडं झुकायचे. "उजवीकडं!" सगळे उजवीकडं. पवारकाकूंनी एकदा भर घाटात भांडण काढलं. म्हणल्या, "हे दर वेळी डाव्या वळणाला त्या शिलाईवालीच्या अंगावर पडतात, आन् उजव्या वळणाला बरे ताठ बसतात, खांबासारखे!" पवारकाका म्हणाले, "अगं गाडीच तशी वळते." काकू म्हणल्या, "गाडी खडूची हाय!" शेवटी मावशींनी परात थांबवली, काकांना उठवलं आन् मागच्या सीटवर एकटं बसवलं.

आमच्या सासूबाईंना तर फरशीवर बसल्या बसल्या मळमळायला लागलं. खरंच. तोंडाला पदर लावून न्हाणीकडं पळाल्या. मावशींना एवढा आनंद झाला! "बघा! तालीम घेतली म्हणून आधी कळलं! घाट काय आपला दीर हाय का, वहिनीची लाज धरायला?" मग सासूबाईंना खिडकी मिळाली, आन् आवळ्याची सुपारी.

मावशींचं बोलणंच तसं. पाऊस काय आपला जावई हाय का, कळवून यायला? धुकं काय तुमच्या घरचा पडदा हाय का, सरकवायला? एकदा त्या जळवांसाठी सगळ्यांना मिठाच्या पुरचुंड्या बांधून देत होत्या. मी भीत भीत म्हणले, "मावशी, आमच्या तिकडं जळवांचा एवढा काही त्रास नाय." तर म्हणल्या, "तू गप. तू तिथलीच हायेस, तुला काय कळतंय? आन् जळू काय तुझी नणंद हाय का, नुसती बोलून सोडायला?" नणंद तिथंच बसली होती, माहेरपणाला आलेली. मी घरी जाऊन जे ऐकलं ते ऐकलं.

दुधाच्या रिकाम्या पिशव्या त्या वर्षभर धुऊन दोरीवर वाळत घालतात. मोबाईलला एक पिशवी, पाकिटाला एक, पवारकाकांच्या कानाच्या मशिनला एक, मंगळसूत्राला पण एक लांबोडकी. चिऊ झाली तेव्हा बारशाला सगळ्यांनी झबली दिली, मावशींनी पिशव्या जोडून शिवलेला रेनकोट दिला. पाठीवर गाईचं चित्र आलंय बरोबर मधोमध.

आन् नारळ. आमच्याकडं लहान लेकरू पहिल्यांदा नदी ओलांडतं ना, तेव्हा नदीला नारळ द्यायचा असतो. पाण्यात साती आसरा देवी असतात, त्यांना मान द्यावा लागतो. मला बी याची भीती वाटती, खोटं कशाला बोलू. पण मावशींनी त्याचा पार कोर्टकज्जा केला. नदीला नारळ ठीक हाय, पण ओढ्याला काय? आन् ओढा कुठं संपतो आन् नाला कुठं सुरू होतो? दोन संध्याकाळी यावर चर्चा झाली. ठरलं असं का नदीला नारळ, ओढ्याला लिंबू, नाल्याला नुसता नमस्कार, आन् धबधब्याची खणानारळानं ओटी. पवारकाका म्हणाले, "आन् रस्त्यावरच्या खड्ड्यात पाणी असलं तर?" मावशींनी त्यावर पण विचार केला.

एवढं सगळं करून ट्रिप दर वर्षी मोडायची. कधी बातम्यांत पावसाचा अलर्ट, कधी कोणाचं सुतक, कधी काकांचा मोतीबिंदू, आन् बघता बघता पितृपंधरवडा. आम्ही बायका तोंड पाडून बसायचो. मावशी मात्र म्हणायच्या, "ट्रिप काय आपली एसटी हाय का, सुटलीच पायजे म्हणून?" आन् परत चहा टाकायच्या, आलं जास्त घालून. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला पायजे होता. पण मी आठवी नापास, माझं डोकं उशिरा चालतं.

या वर्षी मला जायचंच होतं. कारण सांगते. माझं बाळंतपण इथंच झालं. सासूबाई म्हणल्या तिकडं दवाखाना लांब, पाठवायची नाय. चिऊ झाली तेव्हा आई द्राक्षाच्या कामाला गेलेली, ते संपलं तर बापाच्या पायाला लागलं, मग भाताची लावणी. माझ्या आईनं माझ्या पोरीला अजून हातात घेतलं नव्हतं. मोबाईलवर बघायची, ते बी टेकडीवर चढून, रेंज तिथंच येती. आन् मी म्हणलं जाऊन येते, का सासूबाई म्हणायच्या, एवढ्या पावसात लेकराला घेऊन?

पण ट्रिपला सासूबाई स्वतःच येणार होत्या. खिडकी मिळाली होती ना.

तर मी आईला गुपचूप सांगून ठेवलं, रविवारी सकाळी गावच्या फाट्यावर ये, आमची गाडी तिथूनच जाणार. कोणाला बोलले नाय. मावशींना तर नायच नाय, कारण त्यांचा नियम कडक. वाटेत नातेवाईक भेटायचा नाय. "नातेवाईक भेटला का चहा, चहा झाला का जेवण, जेवण झालं का आहेर, धबधबा बसला वाट बघत!" मी म्हणलं, फाट्यावर पोचल्यावर एकदम ओरडीन, गाडी थांबवा म्हणून. मग कोण काय करतंय.

माझे मिस्टर अंबडच्या कंपनीतल्या कामगारांची ने-आण करतात, त्यांच्याकडं क्रूझर हाय. ते एका मिटिंगमध्ये दारातूनच म्हणाले, "मावशी, येत्या रविवारी गाडी मोकळी हाय. पावसाची उघडीप हाय. जाऊन येऊ." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींच्या हातातली परात खाली पडली.

मग आठवडाभर त्यांचं चालू. अमावस्या जवळ हाय. गाडी पांढरी हाय, धुक्यात दिसायची नाय. लिंबं महाग झाली. मिस्टर हसले, "मावशी, आता काय बी म्हणा, रविवारी निघायचं म्हणजे निघायचं." आन् रविवार उजाडला, सगळे गाडीत बसले, आन् मी टेरेसवर चढत होते ते हे.

टाकीचं झाकण लावलेलं होतं. वर वीट बी ठेवलेली होती. ती वीट बघून मला पहिला श्वास आला.

मावशी टाकीच्या मागं पत्र्याच्या आडोशाला बसल्या होत्या. भुरभुर चालू होती, छत्री उघडलेली. मांडीवर चिऊ, पिशव्यांचा रेनकोट घातलेली, मजेत मावशींची काठी चावत होती. मी आधी पोरगी हिसकून घेतली. तिला सगळीकडून चाचपली. मग मावशींवर हात उचलला. मोठ्या माणसावर! मग तो उचललेला हात कुठं ठेवावा कळंना, म्हणून डोक्यावरचा पदर सारखा केला.

"काय केलं हे मावशी? माझा जीव गेला असता!"

"ओरडू नको. पोरीला धक्का बी लागू दिला नाय."

"खाली सगळे थांबलेत!"

"थांबू दे. अजून जरा उशीर झाला का पवारकाकू म्हणतील, आता कधी जायचं आन् कधी यायचं. मग म्हणतील पुढच्या रविवारी बघू. पुढच्या रविवारी मी बघते काय ते."

"पण तुम्हालाच तर जायचं होतं! एवढी वर्षं तुम्हीच तर…"

मावशी छत्री गोल गोल फिरवत बसल्या. पाण्याचे थेंब चहूकडं उडत होते.

"गेलो का झालं ना गं, सुरगाणे," त्या म्हणल्या. "झालं, का मग माझ्याकडं कोण कशाला येतंय? इथं आले तेव्हा सत्यनारायण घातला होता. सगळ्यांना बोलावलं. सगळे आले, दारातूनच द्रोणात प्रसाद घेतला, गेले. म्हणले, कुकर लावलाय. ट्रिपचं म्हणलं तर बसले. कुकर बी विसरले."

खालून हॉर्न. सासूबाईंचा आवाज, "पोलिसात जा रे!" आन् माझ्या डोळ्यापुढं दोन बाया. एक ही, छत्रीखाली. आन् एक तिकडं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मावशी, माझी आई फाट्यावर उभी हाय."

"कोणाची आई?"

"माझी. उजाडायच्या आधीच आली असल. चिऊला बघायला. तिनं अजून हातात घेतली नाय हिला. तुमचा नियम हाय म्हणून मी सांगितलं नाय."

मावशींची छत्री थांबली.

"फाट्यावर आडोसा हाय का?"

"नाय. एक सागाचं झाड हाय."

"तिला फोन करून सांग, घरी जा म्हणून."

"तिथं रेंज नाय."

"आन् हे मला आत्ता सांगतीस? अक्कल हाय का तुला? पाऊस काय तुझ्या आईचा मानलेला भाऊ हाय का, बघून पडायला? ऊठ! ऊठ म्हणते ना!"

मी उभीच होते. बसलेल्या त्याच होत्या. मी हात दिला आन् त्यांना उठवलं.

जिना उतरताना मावशी माझ्यापुढं चालल्या होत्या आन् मला त्यांची मान दिसत होती, अशी खाली घातलेली, पोरीला शाळेत बाईंपुढं नेतात ना तशी. खाली गल्ली जमलेली. गिरणीवाला पण आलेला. सासूबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. "कुठं होती ही? बोला!"

मावशींनी तोंड उघडलं, आन् त्याच्या आधी मी बोलले. म्हणलं, "मीच पाठवलं होतं वर. चिऊ किरकिर करत होती, मी म्हणलं टेरेसवर कबुतरं दाखवा तिला. आन् मीच विसरले."

सासूबाईंनी मला वणीपर्यंत शिव्या घातल्या. वणीला हात जोडण्यापुरतं थांबल्या, मग बोरगावच्या घाटापर्यंत परत. घाटात त्यांना मळमळायला लागलं म्हणून मी सुटले. मिस्टर तर आरशातून असे बघत होते, जसं काय मी उद्या त्यांना पण कुठंतरी विसरून येणार हाय.

मावशी पुढच्या सीटवर, सारख्या मिस्टरांना, "हाण रे गणेश, हाण!" एकाही ओढ्याला थांबू दिलं नाय. लिंबं चालत्या गाडीतून फेकली, एक जाऊन बैलाला लागलं. फक्त नदीला थांबल्या, चिऊच्या हातून नारळ सोडला, आन् परत, "हाण!"

फाटा आला. झाडाखाली माझी आई, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, चहूकडून निथळत होती. मला ओरडायची गरजच पडली नाय, मावशींनीच स्टेरिंगवर हात टाकला. आई जवळ आली, चिऊला घ्यायला हात पुढं केले, आन् परत मागं घेतले, ओले होते म्हणून. पुसायला अंगावर कोरडं काहीच नव्हतं. मावशींनी स्वतःच्या पदरानं तिचे हात पुसले. एक, मग दुसरा. मग चिऊ दिली.

पवारकाकू म्हणल्या, "मावशी, नातेवाईकांचा नियम?"

मावशींनी ऐकलंच नाय. धबधब्यासाठी आणलेला खण आन् नारळ पिशवीतून काढला आन् सासूबाईंच्या हातात दिला. "घ्या, तुमच्या विहीणबाईची ओटी भरा. माझ्या हातून चालत नाय."

"आन् धबधब्याला काय?" सासूबाई म्हणल्या.

"धबधबा काय सुरगाणेची आई हाय का, पावसात वाट बघायला?"

सासूबाईंनी तोंड वाकडं करून का होईना, ओटी भरली. आईला आम्ही गाडीतच घेतली. चिऊ दिवसभर तिच्याच मांडीवर होती.

धबधबा लय मोठा होता त्या दिवशी. उघडीप पडलेली, वरपासून खालपर्यंत पांढराशुभ्र, बोलणं ऐकू येत नव्हतं. सगळे फोटो काढत होते. मावशी एका दगडावर बसून राहिल्या. बऱ्याच वेळानं माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, "रातचं बी चालूच असतं?"

"हो!"

"बिचाऱ्याला सुट्टीच नाय!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दिवा लावून गॅलरीत आले. खाली मावशींचं दार सताड उघडं. आतून आल्याचा वास येत होता. कोणी येत नव्हतं. पवारकाकू भाजी घेऊन दारावरूनच गेल्या, मावशी म्हणल्या, "या ना," काकू म्हणल्या, "कुकर लावायचाय." शिलाईवाली तर बघितल्यासारखं करून गेली. मी मिस्टरांना म्हणलं, "जाऊ का खाली?" ते म्हणाले, "झाली ना ट्रिप. आता काय काम?" सासूबाई म्हणल्या, "जा, पण पोरीला विसरून येऊ नको."

मी चिऊला कडेवर घेऊन गेले. मावशी एकट्याच, पुढं चहाचं पातेलं, अख्ख्या बिल्डिंगीचा चहा. माझ्याकडं बघितलं नाय. म्हणल्या, "ये. बस. उरलाय."

मी खाली बसले आन् म्हणले, "मावशी, कालचा धबधबा मला काही नीट दिसलाच नाय. धुकंच लय होतं."

धुकं नव्हतं. मावशी माझ्या शेजारीच होत्या, त्यांनी बी बघितलं होतं का धुकं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग उठल्या, फळीवर हात फिरवला, खडू शोधला, आन् म्हणल्या, "मला बी नाय दिसला. जा, पवारांना हाक मार. म्हणावं परत जावं लागतंय."

आता मी जिन्यात उभी हाय, चिऊ कडेवर, पवारांचं दार समोर. हाक मारली तर अख्खं वर्ष परत त्या खडूच्या गाडीत बसायचं, सासूबाईंची मळमळ, आन् परत कधी ट्रिप निघायला लागली तर ही बाई माझ्या पोरीला घेऊन कुठं लपल याचा नेम नाय. मला खरंच भीती वाटती. नाय मारली तर खाली पातेलंभर चहा निवत चाललाय.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?